वाचक विचारतात : रस्त्याकडेचे स्मृतिफलक

प्रश्न : आमच्या वाड्यावर जन्मलेल्या एका गायकाचा अर्धपुतळा त्यांच्या घरासमोर रस्त्याकडेला बसवायचा ठराव ग्रामसभेत झाला. परवानगीचा अर्ज मात्र परत आला. आता काय करावे? (एक वाचक, फोंडा)

अर्ज परत येणारच होता. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि त्यांच्या कडेच्या जागेत पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2013 रोजी राज्यांना बजावले आहे. पुतळ्याचा नाद सोडा. अर्धपुतळ्यातून पाहणाऱ्याला कळते ते पगडी आणि मिशा एवढेच. साठ-सत्तर शब्दांच्या फलकातून माणूस जास्त कळतो.

फलकासाठीही जागा रस्त्याच्या हद्दीबाहेरचीच हवी. आधी सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या मालकीचा उतारा) काढा. फलक ज्यावर लावायचा तो गडगा (दगडी कुंपण) ज्याचा वाटतो त्याचा असतोच असे नाही. कितीतरी जुने गडगे रस्त्याच्या हद्दीत येतात आणि रुंदीकरणात फलकासकट जातात. जमीन कोमुनिदादीची (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादीची, देवळाची असेल तर महाजनांची (देवळाच्या हक्कदार सभासदांची) आणि घरची असेल तर उताऱ्यावरच्या सगळ्या सहमालकांची लेखी संमती घ्या. सर्वांत वेळ खाणारी पायरी हीच. वाटण्या झालेल्या नसतात आणि निम्मे वारस मुंबईला असतात. जुने गोवेसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट पाहावी लागते : केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते.

वळणावर फलक लावू नका. चालत्या गाडीतून तो कुणी वाचत नाही. जो वाचणार तो थांबणार, म्हणून दुचाकी उभी करण्यापुरती तरी जागा समोर हवी.

प्रश्न : संगमरवरी पाटी दोन पावसाळ्यांत काळी पडली आणि अक्षरांतला रंगही गेला. नवी कशाची करावी? (एक वाचक, काणकोण)

संगमरवर आपल्या पावसात उघड्यावर टिकत नाही. शेवाळ आणि बुरशी त्यात मुरतात, पृष्ठभाग हळूहळू विरघळून खरखरीत होतो आणि मग घाण आणखी धरते. ॲसिडने घासलेत तर पाटी पांढरी दिसेल, पण अक्षरांच्या कडाच जातील.

ग्रॅनाइट घ्या, 40 मिमी जाडीचे. 60 × 90 सेंमीची लादी जवळपास 58 किलो भरते, हे गवंड्याला आधीच सांगा, नाहीतर तो ती चुन्या-सिमेंटच्या भरवशावर भिंतीला चिकटवून मोकळा होईल. अक्षरे किमान 3 मिमी खोल कोरून घ्या. मशीनने जेमतेम खरवडलेल्या अक्षरांत ऑइल पेंट भरला की तो पापुद्र्यांनी सुटतो. तुमच्याकडे तेच झाले असणार. काळ्या पॉलिश लादीवर रंग न भरलेली अक्षरे कोरड्या दिवसांत करडी, छान उठून दिसतात, पण ओली झाली की काळ्यात काळी होऊन दिसेनाशी होतात. म्हणून खोल कोरून दोन भागांचा इपॉक्सी रंग भरावा. आकार : मथळा 40 मिमी, मजकूर 15 मिमीपेक्षा लहान नको. इंग्रजी पाटीच्या मापाने ओळी बसवल्या तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. दोन ओळींत अक्षराच्या उंचीइतके तरी अंतर सोडा.

लोखंडी खिळे किंवा क्लॅम्प अजिबात नकोत. गंजताना लोखंड फुगते आणि दगडाचा कोपरा उडवते. 316 ग्रेडच्या स्टेनलेसच्या 10 मिमी जाड पिना इपॉक्सीने बसवा. 304 ला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तपकिरी डाग पडतात. भिंतीचा चिरा (जांभा दगड) सच्छिद्र असतो, भोकाची कड ढासळते, म्हणून पिन चिऱ्यात निदान 10 सेंमी आत जाऊ द्या आणि चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका. लादी व भिंत यांत 1 सेंमी फट ठेवा, खालची बाजू उघडी सोडा, पाणी निथळून जाईल. तळाची कड जमिनीपासून 90 सेंमी वर असली तर तांबड्या चिखलाचे शिंतोडे पोचत नाहीत. काम नोव्हेंबरात, भिंत सुकल्यावर. पितळी पाटी दिसते सुंदर, पण रात्रीत चोरीला जाते.

प्रश्न : गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा फलक कुर्डीतच असावा, असे आमच्या मंडळाला वाटते. पण गाव तर साळावली धरणाच्या पाण्यात. (एक वाचक, सांगे)

उन्हाळ्याच्या अखेरीस गाव उघडे पडते खरे, पण तिथे रोवलेला फलक उरलेले महिने पाण्याखाली गाळ खात राहील. काठावर, वर्षभर पोचता येईल अशा जागी लावा. कुर्डीचे महादेवाचे देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले आहे. लोक तिथे येतातच, तेव्हा परवानगी मिळाल्यास तो परिसर योग्य. मजकुरात मात्र ‘येथे जन्म झाला’ लिहू नका. ‘या जलाशयाखालच्या कुर्डी गावी 1904 मध्ये जन्म’ असे लिहून गावच्या जागेची दिशा बाणाने दाखवा. जन्मघराची जागा दोन स्वतंत्र आधारांनी ठरत नसेल तर गावाच्या नावावर थांबा.

प्रश्न : वाटेवरच्या जुन्या दगडावर ‘शके 1830, माघ’ इतकेच वाचता येते. इसवी सन कोणते? अक्षरे रंगवून ठळक करावीत का? (एक वाचक, पेडणे)

शकात 78 मिळवतात, पण माघ-फाल्गुन 1 जानेवारीनंतर येतात, तेव्हा 79. म्हणजे 1909. पौष महिना दोन्ही सालांत पडू शकतो, तिथे तिथी हवी.

रंगवू नका, खडूही फिरवू नका. पुढच्या माणसाला मूळ रेघ कुठली आणि तुमची कुठली हे कळणार नाही. नायलॉनच्या ब्रशने, साध्या पाण्याने शेवाळ काढा. काळोख पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. दिवसा सपाट दिसणारी अक्षरे सावलीने उठतात. दगड हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला फोटो दाखवा.