स्टॅटिन सुरू झालंय ना भाऊ, मग हे वाचा

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी सुरू होऊन आठवडाच झाला आणि लगेच रेड यीस्ट राइसची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल मागवायची घाई? जरा थांबा, भाऊ. रेड यीस्ट राइस, म्हणजे लाल बुरशीवर आंबवलेला तांदूळ, त्यात मोनॅकोलिन के असतं. ते आणि लोव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन औषध रसायन म्हणून एकच. म्हणजे एका गोळीवर दुसरी गोळी, तीही किती ताकदीची ते डबीवरून कळत नाही. स्टॅटिन जास्त झालं तर स्नायूंना इजा होऊ शकते, म्हणून मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखल्या किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेतात जास्त राबलो म्हणून दुखतंय असं मी दोन आठवडे समजत होतो. येडेपणाच तो!

घरातली जवसाची चटणी, भरताबरोबर कळण्याची भाकरी खुशाल खा. भाजीतला लसूणही चालतो. पण ॲस्पिरिन चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूलने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. इसबगोल एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं उतरवतं, फक्त ते आणि गोळी यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ग्रेपफ्रूटचा रस टाळा, आपल्या जळगाव-धुळ्यात तो पितंय कोण म्हणा! अर्जुनसाल, गुग्गुळ घेत असाल तर डबीच डॉक्टरांपुढे ठेवा. आणि रिपोर्ट सुधारला म्हणून गोळी मनाने सोडू नका, तो गोळीमुळेच सुधारलेला असतो.