वऱ्हाडी शब्द पुढे की मागे?

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. आमच्या भजनी मंडळातली दोन-तीन पोरं अन् मी मिळून डहाका, गोंधळ, खंजिरी भजन, भुलाबाईची गाणी यांतले शब्द वहीत उतरवून ठेवतो आहोत. आता मांडणीवर गाडी अडली. माझं म्हणणं, वाद्यं, ठेके, गाण्याचे प्रकार असे भाग पाडावे. पोरं म्हणतात, सरळ अ-आ-इ लावा. एकानं तर सुचवलं की मुख्य शब्द शास्त्रीय संगीतातला घ्यावा अन् आपला कंसात टाकावा. फ्रान्समध्ये संगीताचे कोश लई आधी झाले असं तुम्ही सांगत असता. त्यांनी काय केलं होतं?
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : भाऊ, पोरांचं ऐका, पण अर्धंच. आणि ते कंसाचं आजच खोडून टाका.

सेबास्तियाँ द ब्रोसार नावाचे एक पाद्री होते. आधी स्ट्रासबुर्ग आणि मग मो इथल्या कॅथेड्रलचं संगीत सांभाळायचे. त्यांचा संगीतकोश १७०३ साली पॅरिसला छापला गेला. मांडणी वर्णक्रमानं, पण मुख्य भागात शब्द ग्रीक, लॅटिन आणि इटालियन. फ्रेंच शब्दांची वेगळी यादी, तीही मुख्य भागातल्या नोंदींकडे बोट दाखवणारी. म्हणजे पाहुणे बैठकीत अन् घरचे लोक ओसरीवर! मला आधी याचा रागच यायचा. पण त्यांचा वाचक कोण ते पाहा. तेव्हा इटलीतली सोनाटा (वाजवायची रचना), कांटाटा (गायची रचना) फ्रान्समध्ये येत होती, कागदावर ‘अलेग्रो’ (जलद), ‘लार्गो’ (संथ) लिहिलेलं असायचं आणि फ्रेंच गाणारा तिथं अडायचा. स्वतःच्या भाषेतले शब्द त्याला पाठच होते.

तुमचा वाचक कुठं अडणार? ताल, लय, मात्रा हे शब्द त्याला शाळेत, क्लासमध्ये मिळतात. अमरावतीत वाढलेल्या नातवाला अडेल तो डहाका. म्हणून वऱ्हाडी शब्द पुढे, शास्त्रीय शब्द त्याचा अर्थ सांगताना. ब्रोसार यांचं तत्त्व घेतलं की त्यांच्या उलटंच करावं लागतं.

आता तुमचे भाग. दिदरो आणि दालाँबेर या फ्रेंच विद्वानांच्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ चा. तिथंही वर्णक्रमच, पण शब्दापुढे तो कोणत्या विद्येतला ते बहुधा लिहिलेलं. कारण ‘क्ले’ म्हणजे किल्ली, ती कुलूपवाल्याचीही आणि स्वरलेखनातली खूण असलेलीही. तुमच्याकडे वाद्यही डहाका अन् त्यावर रात्रभर चालतं ते गाणंही डहाका. दोन नोंदी करा. एकीपुढे ‘वाद्य’, दुसरीपुढे ‘गानप्रकार’ असं बारीक अक्षरात लिहा. झालं तुमचं वर्गीकरण, वही न फाडता.

या विश्वकोशातल्या संगीताच्या नोंदी तत्त्वज्ञ रूसो यांनी लिहिल्या. मुदत मिळाली तीन महिन्यांची! ते काम त्यांना स्वतःलाच पसंत नव्हतं, म्हणून पुढे स्वतंत्र संगीतकोश केला. त्याच्यावर साल आहे १७६८. त्यातली गतीवरची नोंद तुम्हाला कामी पडेल. लार्गो, आदाजिओ, आंदान्ते, अलेग्रो, प्रेस्तो अशा संथ ते जलद पाच पायऱ्या एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत, सोबत फ्रेंच शब्द. ब्रोसार यांनीही ‘सोनाटा’खाली देवळातली आणि दिवाणखान्यातली असे दोन प्रकार दिलेच होते. तसे भजनाचे सगळे ठेके ‘ठेका’ या एका नोंदीत ओळीनं लावा, आणि प्रत्येक ठेक्याचं नाव आलं की ‘ठेका पाहा’ लिहा.

विषयवार वेगळे भाग पाडायचा प्रयोगही फ्रान्समध्ये झाला. पांकूक या प्रकाशकानं विश्वकोश विषयांनुसार नव्यानं काढायला घेतला. त्यात संगीताचा पहिला खंड निघाला १७९१ मध्ये. दुसरा १८१८ मध्ये! मधे राज्यक्रांती झाली, नेपोलियन येऊन गेला, संपादक बदलले. तुमच्या मंडळात राज्यक्रांती होणार नाही, पण ग्रामपंचायतीची निवडणूक तर येतेच. एकच वही ठेवा.

भुलाबाईच्या शब्दांचे अर्थ मात्र मंडळातल्या बाप्यांकडून घेऊ नका. गावात ती गाणी म्हणणाऱ्या बाया असतील, त्यांना समोर बसवून गाऊन घ्या आणि नोंदीखाली गावाचं नाव टाका. शेजारच्या गावात तोच शब्द दुसऱ्या अर्थानं निघाला, तर पहिला खोडायचा नाही.