पाय आधी, मन मागाहून

प्रभूमध्ये प्रिय बाळ,

सलाम.

रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना पाळकसाहेबांनी आपल्या मंडळीतल्या त्या पोराचं नाव पुकारलं, पुण्याला पाळकपणाच्या शिक्षणासाठी निवड झाली म्हणून सांगितलं, आणि तू दोन टाळ्या वाजवून बाहेर निघून गेलीस. पेटीमागं बसणाऱ्याला सगळं दिसतं. नंतर गाड्यांपाशी मला गाठून विचारलंस, "काका, आतून आनंद होतच नाही, मग तोंडदेखलं अभिनंदन म्हणजे ढोंगच की!"

नाही. पाय आधी जातात, मन मागाहून येतं.

शब्बाथशाळा, पोरांची रविवारची धर्मशाळा, पाच वर्षं तू ओढलीस आणि नाव त्याचं लागलं. निवड चुकली असेलही. मंडळीच्या कमिट्या चुकतात. दहा वर्षं मीच कमिटीत होतो, मला कोण सांगणार? ती तक्रार कर, लेखी कर. पण त्याच्या घरी जाणं वेगळं. दोन्ही एका पोत्यात भरू नकोस.

आता जे सांगतो ते तुझ्या काकूलाही अर्धंच माहीत आहे. मी गिरणीत होतो तेव्हा एका पोराला पेटी शिकवली. हात गोड होता त्याचा. एका नाताळाला मंडळीनं माझ्याऐवजी त्याला वाजवायला सांगितलं. आमच्या पेटीची एक काळी पट्टी धुळीनं अडकायची. दाबली की खालीच बसायची, आणि भाता हलतोय तोवर तो सूर रडत राहायचा. डावीकडून नखानं उचलली की सुटायची. ही खोड फक्त मला ठाऊक. बोट दुखतंय म्हणून सांगून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि त्याला काही बोललो नाही. तिसऱ्या कडव्याला सूर अडकला. डिसेंबरात पोराला घाम फुटला. लोक हसले. मी हसलो नाही, खाली बघत राहिलो. त्यापेक्षा हसलो असतो तर बरं.

पुढं तो पाळक झाला. दीक्षाविधीचं कार्ड आलं. रजा मिळत नाही असं कळवलं. मिळत होती. मन स्वच्छ झाल्याशिवाय जायचं नाही, हा माझा प्रामाणिकपणा! तुझाच की. वाट बघत बसलो आणि मन काही आलं नाही, कारण पाय गेलेच नव्हते.

तरी त्याचा ताल घाईचा होता, हे मी आजही म्हणेन. आणि तो गेल्यावर इथली लग्नं, मयती, नाताळ, तीस वर्षं पेटी कुणी वाजवली? असो.

ज्यांची भजनं तू तोंडपाठ म्हणतेस त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघ. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात जेमतेम १६-१७ वर्षांच्या ठोमरे नावाच्या पोरानं सगळ्यांना गार केलं, 'बालकवी' ठरला. टिळक तेव्हा नावाजलेले कवी. त्यांनी नुसती मान डोलावली नाही, पुढं त्या पोराला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं. टिळकांना आत काही टोचलं असेल का? कवीच ते! पण घराचं दार उघडलं.

आणि बायबलातला बर्णबा. तो तार्साला गेला, शौलाला, म्हणजे ज्याला आपण पौल म्हणतो त्याला, शोधून अंत्युखियाला घेऊन आला. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात आधी 'बर्णबा व शौल' असं येतं. तेराव्या अध्यायात कुप्र बेट सोडलं की पौलाचं नाव पुढं जातं. ज्याला शोधून आणला तोच पुढं. नंतर सोबतीच्या मार्कावरून दोघं कडाक्याचे भांडलेही, तेव्हा बर्णबाला देवदूत समजू नकोस. पण तार्सापर्यंत गेला तो. घरी बसून आनंद व्हायची वाट बघितली नाही त्यानं.

तू विचारशील, गेल्यावरही मत्सर राहिला तर? राहू दे. चपलेबरोबर दाराबाहेर काढ आणि आत जा. परत येताना पुन्हा पायात घालावा लागला तर घाल. पण जा. तिथं सल्ले देऊ नकोस, "तुझ्याआधी माझं नाव होतं" हे तर नकोच. त्याच्या आईच्या हातचा चहा पी, आणि शब्बाथशाळेच्या पोरांना गप्प बसवायची तुझी ती युक्ती त्याला सांगून टाक. हो, तीच, जी तू कुणाला सांगत नाहीस.

गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं तो निघतोय. बुधवारी संध्याकाळी जा, शेंगा चटणी घेऊन जा. नाहीच जमलं तर गुरुवारी स्टेशनवर ये, मी तिथं आहेच. आणि बोट दुखतंय म्हणून सांगू नकोस. ते कारण मी वापरलंय.

तुझा,
पेटीवाला काका