वाचकांचे प्रश्न : मोहफुलांचा हंगाम, वणवा आणि शाळेतील मुले

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत हरित सेनेचे पथक आहे. दरवर्षी ५ जूनला आम्ही प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो, रोपे लावतो. तरीही उन्हाळ्यात गावालगतचे जंगल पेटतेच. गावावर खरोखर परिणाम होईल असे काय मुलांनी मिळून करावे?
– एक शिक्षिका

उत्तर : पहिली अडचण तारखेचीच आहे. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. म्हणजे आपली फेरी निघते तेव्हा जळायचे ते बहुतेक जळून गेलेले असते, आणि विदर्भातील शाळांना त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असल्याने फेरीत मुलेही मोजकीच असणार. पर्यावरण दिन साजरा करण्यास हरकत नाही, पण काम पौष-माघातच सुरू होऊन होळीपूर्वी घरोघरी पोहोचायला हवे.

दुसरा प्रश्न असा, की घोषणा ऐकवायच्या कोणाला? आपल्या भागातील वणव्यांचे एक मोठे कारण मोहफूल वेचणीशी जोडलेले आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात; पाचोळ्यात ती नीट दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी केली जाते, आणि ती आग पुरती विझेपर्यंत कोणी थांबले नाही, तर वाळलेल्या पानांवरून ती जंगलात शिरते. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात, वास्तविक झुडपांची छाटणी केल्याने तेच साधते. पाला पेटवणारी व्यक्ती अनेकदा आपल्याच वर्गातील एखाद्या मुलीची आई किंवा आजी असते, आणि फुले विकून आलेल्या पैशांतून त्या मुलीच्या वह्या येतात. अशा बाईंना चौकात उभे राहून ‘जंगल वाचवा’ सुनावणे आम्हांला उद्धटपणाचे वाटते. जंगल त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. त्यांच्यापुढे मांडायचा तो हिशेब, आणि तो मांडण्यास त्यांच्या घरातील मुलांइतके योग्य कोणी नाही.

या हिशेबासाठी तयार असलेल्या एखाद्या कुटुंबाची मोहाची जवळजवळची दोन झाडे निवडावीत. फुले गळू लागण्यापूर्वी एकाखालचा पाला खराट्याने झाडून दूर सारावा आणि तेथे जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. दुसऱ्याखाली फुले नेहमीप्रमाणे उघड्या जमिनीवरून वेचली जावीत. दोन्हींची फुले वेगवेगळ्या टोपल्यांत घरी आली, की मुलांनी ती अंगणात तोलावीत, वेचायला किती वेळ लागला ते विचारून लिहावे, आणि मूठभर फुले पाण्यात बुडवून तळाशी किती माती व राख बसते ते पाहावे. वाळलेल्या मालाला व्यापाऱ्याने दोन्हींचा काय भाव दिला, तेही नोंदवावे. आकडे जे येतील ते येतील. ते आधीच ठरवून मुलांकडून वदवून घेऊ नयेत, नाहीतर प्रयोगाचे पुन्हा घोषणेत रूपांतर होईल. पावसाळ्यात मोठ्या माणसांसोबत जाऊन, दरवर्षी पेटवल्या जाणाऱ्या आणि न पेटवल्या जाणाऱ्या मोहांखाली मोहाची रोपे किती आहेत तेही मोजावे. आगीत कोवळी रोपे टिकत नाहीत, त्यामुळे आजची म्हातारी झाडे पडल्यावर नातवंडांनी काय वेचायचे, हा प्रश्न वडीलधारे कान देऊन ऐकतात.

यासोबत शाळेच्या भिंतीवर गावच्या जंगलाचा कच्चा नकाशा काढून मागील उन्हाळ्यात जळालेले भाग त्यावर दाखवावेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर मिळते. ती नोंदणी मात्र शिक्षकाने करावी.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मोहफुलांवर अस्वलेही येतात, आणि आपल्या भागात वाघाचा वावर आहे. म्हणून पहाटे मुलांना या कामासाठी जंगलात पाठवू नये. आग विझवायलाही त्यांना जाऊ देऊ नये. आग दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे, एवढेच त्यांचे काम.

प्रश्न : आम्ही दहावीत शिकतो. वणव्याचा विषय आम्हांला ग्रामसभेत मांडता येईल का?
– विद्यार्थ्यांचा एक गट, जिल्हा गडचिरोली

उत्तर : ग्रामसभेचे सदस्य गावच्या मतदार यादीतील लोक असतात, त्यामुळे तुम्हांला मत देता येणार नाही. तथापि पालकांमार्फत लेखी विषय देता येतो, आणि सभेच्या अध्यक्षांनी अनुमती दिली तर तुमच्यापैकी एकाला निवेदनही वाचता येईल. २६ जानेवारीची सभा यासाठी सोयीची, कारण ती हंगामाच्या आधी येते. त्यापूर्वी होणाऱ्या महिला सभेत विषय आधी न्यावा. फुले वेचण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात आणि जाळी की खराटा हे त्याच ठरवतील. तुमच्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावालगतचे जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. त्या गावात अभ्यासगटात विषयाची चर्चा करायची आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा, अशी रीत आहे. तुम्हीही आपला गट त्याच रीतीने चालवावा. ठराव होईल तेव्हा ‘जंगलाचे रक्षण करावे’ असे मोघम वाक्य पुरेसे मानू नये. कोणत्या भागातील मोहांखालचा पाला कोणी आणि कोणत्या आठवड्यात झाडायचा, आणि जाळीचा खर्च कोठून करायचा, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घेण्याची विनंती करावी.