चारुदत्त हे नाव आणखी कोणाचे आहे?

आपण विचारले आहे की मुलाचे नाव 'चारुदत्त' ठेवण्याची इच्छा आहे, परंतु ते एका दरिद्री नाट्यनायकाचे नाव म्हणून घरातील वडीलधारी मंडळी नको म्हणतात. तर या नावाची आणखी माणसे, खरी किंवा कथेतली, कोण आहेत? माझे स्वतःचे नाव चारुदत्त आहे आणि माझे सारे आयुष्य सोलापुरात गेले आहे. शाळेच्या हजेरीपटावर सिद्धराम, मल्लिकार्जुन, अंबादास ही नावे दोन-दोन, तीन-तीन वेळा येत. माझे मात्र एकदाच येई.

सर्वांत प्रसिद्ध चारुदत्त शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' (म्हणजे मातीची गाडी) या दहा अंकी संस्कृत नाटकाचा नायक. तो उज्जयिनीचा, जन्माने ब्राह्मण पण घराण्याने व्यापारी, विनयदत्ताचा नातू आणि सागरदत्ताचा मुलगा. म्हणजे 'दत्त' हा त्या घराण्यातील नावांचा शेवट आहे. अक्कलकोट आणि गाणगापूर जवळ असल्यामुळे आमच्याकडे पुष्कळ जण हे दत्तगुरूंचे नाव समजतात, आणि त्या भावनेने कोणी ते ठेवले तर त्यात वावगे काही नाही.

त्याचे दारिद्र्य कशामुळे आले, हे वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावे. त्याने संपत्ती उधळली नाही, ती मागणाऱ्यांना देता देता संपली. तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर त्याच्या घराची भिंत फोडतो. मापाची दोरी विसरल्यामुळे गळ्यातील जानव्याने माप घेतो आणि विटांच्या भिंतीला पूर्णकुंभाच्या आकाराचे भोक पाडतो. जाग आल्यावर चारुदत्त आधी त्या कामाची सुबकता पाहतो, मग त्याला वाईट वाटते ते एवढे कष्ट करून चोर रिकाम्या हाताने गेला असेल याचे. चोरीला गेलेले दागिने नाटकाची नायिका, गणिका वसंतसेना, हिने विश्वासाने ठेवलेली ठेव होती हे ध्यानात आल्यावर मात्र तो कोसळतो, आणि ती भरपाई करण्यासाठी त्याची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. या प्रसंगासाठीच मला हे नाव प्रिय आहे.

याच कथेवरचे, प्राचीन संस्कृत नाटककार भासाच्या नावावर असलेले 'चारुदत्त' हे चार अंकांचे नाटक टी. गणपतिशास्त्री यांना केरळात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे विसाव्या शतकात उजेडात आले. त्यात मातीच्या गाडीचा प्रसंगच नाही, कारण कथानक त्याच्या आधीच थांबते.

तिसरा चारुदत्त जैन परंपरेतला आहे. जिनसेनाचार्यांनी शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 साली पूर्ण केलेल्या 'हरिवंशपुराणा'त तो चंपानगरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा आहे. त्याच्या कथेतील गणिकेचे नावही वसंतसेनाच आहे, पण येथे तो तिच्या घरी राहून खरोखरच सर्वस्व गमावतो, आणि नंतर व्यापारासाठी देशोदेशी हिंडताना, मरणाऱ्या बोकडाला जैनांचा णमोकार मंत्र ऐकवतो. सोलापुरात जीवराज जैन ग्रंथमालेसारखी प्रकाशनसंस्था असल्यामुळे असे ग्रंथ येथील वाचकांना परके नाहीत. मला मात्र ही कथा प्रथम शेजारच्या आजींनी सांगितली, तीही माझे नाव ऐकून.

मराठी घरांत हे नाव रुळण्यात गोविंद बल्लाळ देवल (1855–1916) यांच्या 'संगीत मृच्छकटिका'चा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे. खऱ्या माणसांत पुण्याच्या पूना गेस्ट हाऊसचे चारुदत्त सरपोतदार, मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांचे चिरंजीव, नाट्य-चित्रपटसृष्टीला 'चारूकाका' म्हणून ठाऊक होते. कीर्तनकार चारुदत्त आफळे आजच्या श्रोत्यांना परिचित आहेतच. 2014 साली 'सोनाली केबल' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित करणारे चारुदत्त आचार्य हेही याच नावाचे.

आमच्या शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत 'चारु' म्हणजे चिंचेचे आंबट सार. लहानपणी मित्राची आई पंगतीत मला हाक मारी आणि सारही त्याच शब्दाने वाढी. त्यामुळे त्या घरात मला कधी परके वाटले नाही.

जन्मनोंदणी करताना एवढी काळजी घ्यावी: 'चारुदत्त' मधील 'रु' ऱ्हस्व आणि 'त्त' जोडाक्षर. घरात लाडाने हाक मारताना मात्र 'चारू' दीर्घच लिहावे.