एकच किडनी, रिफ्लक्स आणि कल्चरचा घोळ

ताई, बाळ दीड वर्षाचं, जन्मतः एकच किडनी, एमसीयूत (लघवीच्या वाटेचा एक्स-रे) ग्रेड ३ रिफ्लक्स, म्हणजे लघवी उलटी किडनीकडे जाणं, आणि 'ताप येतो पण कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) काही निघत नाही' हे तुम्ही लिहिलंय. वाचून आठ वर्षांपूर्वीचं आमचं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं घर आठवलं. आमच्या पोराचंही हेच, एकच किडनी आणि रिफ्लक्स.

ग्रेड वगैरे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मी डॉक्टर नाही, फक्त पोळलेला बाप आहे. पण तुमचं कल्चर कसं घेतलं, ते आधी बघा.

आम्ही रात्री अकराला १०३ ताप बघून घरात उरलेलं अँटिबायोटिक पाजलं. ही आमची चूक. सकाळी पिशवी लावून लघवी धरली. लॅबच्या खिडकीतला म्हणाला, "पिशवीतलं चालतंय की!" आणि डबी दुपारपर्यंत टेबलावर पडून. नाव घेत नाही, पण अजून डोकं फिरतं. पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, आणि औषध पोटात गेल्यावर खरे जंतू उगवत नाहीत. एकदा 'नो ग्रोथ', दोनदा 'मिक्स्ड ग्रोथ', तिन्ही वेळा 'व्हायरल असेल' म्हणून घरी. चौथ्यांदा पुण्यात नळी घालून नमुना घेतला, तर ई. कोलाय, लघवीच्या इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू! पुढे डीएमएसए या किडनीच्या स्कॅनमध्ये किडनीवर व्रण दिसला. दोन किडन्या असत्या तर दुसरीनं सांभाळून घेतलं असतं. इथं बदली खेळाडूच नाही.

म्हणून आधी नमुना, मग लगेच औषध. रिपोर्टला दोन दिवस लागतात, तोवर औषध अडवून धरायचं नाही. डबी तासाभरात लॅबला पोचत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

इन्फेक्शन होऊ नये म्हणून चालू असलेला अँटिबायोटिकचा रात्रीचा छोटा डोस सासरच्यांच्या 'एवढी औषधं कशाला'वर बंद करू नका. ठेवायचा की थांबवायचा, ते तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) ठरवावं. तापाला आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका, किडनीवर ताण येतो.

आणि शी घट्ट होते का? आमचे आजोबा गंगावेशीतल्या कट्ट्यावरून रोज म्हशीचं धारोष्ण दूध आणायचे, पोरगं दुधावरच. पोट साफ नाही, मग लघवीही पूर्ण होत नाही, की इन्फेक्शन. शिवाय दूध कच्चं, ते वेगळंच. दूध कमी केलं आणि तेही उकळून, यावरून घरात महिनाभर अबोला होता.

रिफ्लक्स आता गेलाय, व्रण आहेच. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दर वर्षी बघतो. बीपीला लहान मुलांचा पट्टा मागून घ्या, मोठ्यांच्या पट्ट्यानं आकडा चुकतो. निर्जंतुक डबी अजूनही माझ्या गाडीच्या डिकीत असते.