शिस्त आणि नेम : वाटेत भेटलेले दोन शब्द

चोपडा तालुक्यातील एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. वर्गाच्या फलकावर गीतेतील आत्मसंयमाविषयी चार ओळी लिहिताना त्यांनी 'स्वयंशिस्त' असा मथळा दिला. एका सहकाऱ्याने 'शिस्त' हा फारसी शब्द असल्याने अध्यात्माच्या संदर्भात तो नको, 'स्वयंअनुशासन' लिहा, असे सुचविले. दुसऱ्याने प्रवचनाचा हवाला देऊन, 'शिस्त' हा 'शिष्ट' शब्दाचाच अपभ्रंश असल्यामुळे तो चालेल, असे सांगितले. यातले खरे काय, असे त्या विचारतात.

रूढ अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. मात्र 'थांब, तुला चांगली शिस्त लावतो' हे वाक्य मी आयुष्यभर उगारलेल्या हातासोबतच ऐकत आलो आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. शिस्त म्हणजे मार नव्हे, शिक्षा नव्हे आणि धाकही नव्हे. हे मी केवळ सद्भावनेने म्हणत नाही, शब्दाचे कुळच तसे सांगते.

प्रथम 'शिष्ट'ची व्युत्पत्ती बाजूला ठेवू. संस्कृतातला 'ष्ट' प्राकृतातून मराठीत येताना 'ठ' होतो : अष्टचे आठ, मुष्टीची मूठ, दृष्टीची दीठ. 'शिष्ट' याच वाटेने आला असता तर 'शीठ' झाला असता. संस्कृतातला 'स्त'सुद्धा मराठीच्या घरात तसाच राहत नाही. हस्ताचा हात झाला, मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली. ज्या रुळलेल्या शब्दांत 'स्त' धडधाकट उभा दिसतो ते बहुधा फारसीतून आलेले असतात : दोस्त, मस्त, दुरुस्त, बंदोबस्त. 'शिस्त' याच पंगतीतला आहे. प्रवचनकारांविषयी मला आदर आहे, पण ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावणे हा त्या आसनाचा अधिकार नव्हे, आणि ऐकणाऱ्यांनी ती प्रमाण मानणे हा त्याहून मोठा दोष आहे.

फारसीत 'शस्त' म्हणजे हाताचा अंगठा. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढणारे तिरंदाज अंगठ्यात जे कडे घालीत त्यालाही तेच नाव होते, आणि त्यावरून शब्दाला नेमाचा अर्थ आला. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. नेमासाठी डोळा, हात आणि लक्ष्य एका रेषेत यावे लागतात. त्या रेषेवरून सरळपणा आणि सरळपणावरून आजची शिस्त, असा हा प्रवास मी मानतो. रावेर-यावलकडे केळीची लागवड चालू असताना ताणलेल्या दोरीवरून एक डोळा मिटून पाहणारा वडीलधारा माणूस 'ओळ शिस्तीत आली' असे म्हणतो, तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ त्या शेतात पुन्हा उभा राहतो.

आता मला खरा आनंद देणारी गोष्ट सांगतो. 'नेम' हा शब्द 'नियम' झिजून झाला आहे. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम पतंजलींनी सांगितले. घरोघरीच्या नित्यनेमातला आणि नेमधर्मातला नेम तो हाच. पण मराठीने याच शब्दाला 'नेम धरणे' असा बाणाचा अर्थही दिला, आणि 'नेमका' हे विशेषणही त्याच घरातले. म्हणजे आचरणाचा संस्कृत शब्द लक्ष्याकडे गेला आणि लक्ष्याचा फारसी शब्द आचरणाकडे आला. दोन परके प्रवासी मराठीच्या वाटेवर भेटले आणि त्यांनी आपापली ओझी बदलून घेतली. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. मुंडकोपनिषदात प्रणव म्हणजे ॐकार हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य म्हटले आहे, आणि 'अप्रमत्तेन वेद्धव्यम्' असे बजावले आहे : सावध राहून वेध घ्यावा. बाणाला कोणी मारून सरळ करीत नाही. तो लक्ष्याकडे वळवावा लागतो.

अर्जुनाचा पक्षी सगळ्यांना पाठ आहे, मला मात्र येथे एकलव्य आठवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो परका नाही. त्याला कोणी शिस्त लावली नाही; मातीच्या मूर्तीसमोर त्याने ती स्वतः साधली, आणि गुरूने मागितला तो अंगठाच, म्हणजे फारसीतला 'शस्त'. त्या संस्कृत कथेचा आणि या फारसी शब्दाचा काही ऐतिहासिक संबंध नाही, हे मला कळते. तरी हा शब्द उच्चारताना ती कथा माझ्या मनातून जात नाही.

धाकाने लावलेली शिस्त आणि स्वतः साधलेली शिस्त यांतला फरक रोजच्या जगण्यातही दिसतो. आपल्याकडे भरीत म्हणजे जीव की प्राण, तरीही कांदेनवमीनंतर वांगे बंद करून ते थेट चंपाषष्ठीलाच खंडोबाच्या नैवेद्यात खाणारी कुटुंबे आहेत. मुळात ज्याला वांगे आवडत नाही त्याने ते सोडले तर तो नेम म्हणता येणार नाही, कारण तेथे मन कशावरून वळवायचेच नसते. पहाटे उठण्याचेही तसेच : घड्याळाच्या धाकाने उठणे वेगळे, आणि सकाळच्या पारायणासाठी उठणे वेगळे.

फलकाचा प्रश्न मागे राहिला. 'अनुशासन' शब्दाला माझा विरोध नाही. तैत्तिरीय उपनिषदात घरी निघालेल्या शिष्याला 'सत्यं वद, धर्मं चर' सांगून झाल्यावर गुरू 'एतदनुशासनम्' म्हणतात, आणि तेथे त्याचा अर्थ शिकवण असा आहे. पण 'स्वयंअनुशासन' हे रूप संस्कृताच्या नियमात बसत नाही, संधी केल्यावर 'स्वयमनुशासन' होते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने निदान ते शुद्ध लिहावे. संस्कृत-फारसी जोड खटकत असेल, तर 'शिस्तबद्ध' आणि 'शिस्तभंग' हे शब्द हेच सहकारी शाळेच्या प्रत्येक सूचनेत कसे लिहितात, हे बाईंनी त्यांना विचारावे. फलकावरचा 'स्वयंशिस्त' हा शब्द पुसू नये.